संमतीचा पुरावा : परिचय, प्रतिकार आणि चारित्र्य (१८७२–२०२४)

तरुण स्त्रीने ओळखीच्या पुरुषाबरोबरही एकटीने जाऊ नये, रात्री बाहेर राहू नये, हा उपदेश आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याचे मूळ सामान्यतः कुटुंबरीतीत शोधले जाते, आणि ते बऱ्याच अंशी योग्यही आहे. परंतु त्याचा एक धागा न्यायालयाच्या साक्षीपुराव्यातही गुंतलेला आहे. अमुक स्त्री कोणाच्या सोबतीने हिंडत होती, हा प्रश्न केवळ शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कुजबुजीचा नव्हता. एकशेतीस वर्षे तो ह्या देशात रीतसर पुराव्याचा विषय होता.

१८६० च्या दंडविधानाने बलात्काराची व्याख्या करताना ‘इच्छेविरुद्ध’ आणि ‘संमतीशिवाय’ असे दोन शब्दप्रयोग योजले. भीतीपोटी किंवा गैरसमजुतीने दिलेली संमती ही संमतीच नव्हे, असेही त्याच संहितेच्या ९० व्या कलमात सांगितले होते. संमती म्हणजे काय, हे मात्र कोठेच सांगितले नाही. ही पोकळी पुराव्याच्या कायद्याने भरली. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या १८७२ च्या अधिनियमाच्या १५५ व्या कलमातील चौथ्या पोटकलमान्वये, बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री सामान्यतः अनैतिक चारित्र्याची होती असे दाखवून तिच्या साक्षीची विश्वसनीयता खोडून काढण्याची मुभा आरोपीस मिळाली. ह्या कल्पनेची वंशावळ इंग्लंडपर्यंत जाते. बलात्काराचा आरोप करणे सोपे आणि निर्दोष मनुष्यास तो खोडून काढणे कठीण, हा सतराव्या शतकातील न्यायाधीश मॅथ्यू हेल यांचा इशारा पुढे इंग्रजी न्यायालयांतून जवळजवळ सूत्रासारखा वापरला गेला. पोटकलमाचे शब्द साक्षीच्या विश्वसनीयतेपुरते होते हे खरे. परंतु व्यवहारात विश्वसनीयता आणि संमती ह्यांतील सीमारेषा फारशी टिकली नाही. जिने एकास होकार दिला तिने दुसऱ्यासही दिला असेल, हे अनुमान उलटतपासणीत सहज शिरे.

हे अनुमान कसे काम करी ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तत्कालीन चांदा जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आईबापांविना वाढलेल्या, मोलमजुरी करणाऱ्या अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद दाखल झाली. (तिचे नावच पुढे ह्या खटल्याचे नाव बनले. अशी नावे छापण्यास १९८३ पासून कायद्याने मनाई आहे. तेव्हा ते येथे दिलेले नाही.) ती ठाण्यात आली होती ती तिच्या भावाच्या तक्रारीवरून. तिने स्वतः निवडलेल्या तरुणाबरोबरचा तिचा संबंध भावास मान्य नव्हता, आणि तिला पळवून नेल्याची तक्रार त्याने केली होती. म्हणजे जोडीदार निवडण्याचा प्रश्न ह्या प्रकरणाच्या प्रारंभीच उभा आहे. जबानी संपल्यावर बाकीच्यांना बाहेर पाठवून तिला आत ठेवून घेण्यात आले. आरोपी होते ते त्याच ठाण्यातील एक हवालदार आणि एक शिपाई.

सत्र न्यायालयाने १९७४ साली दोघांनाही सोडले. त्या निकालपत्रातील तर्क असा की, मुलीस शरीरसंबंधाची सवय होती. शिपायाशी आलेला संबंध तिच्या संमतीने झाला असावा, आणि आपल्या प्रियकरापुढे निर्दोष दिसावे म्हणून तिने बलात्काराची हकीकत रचली असावी. निवडलेला सोबती येथे तिच्याविरुद्धचा साक्षीदारच ठरला, साक्षीच्या पिंजऱ्यात उभा न राहता! मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली हा निर्णय फिरविला. भयाने केलेली शरणागती म्हणजे इच्छा नव्हे, हा भेद त्या न्यायपीठाने स्पष्ट मांडला. तो सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. १५ सप्टेंबर १९७८ च्या निर्णयाने दोन्ही आरोपी पुन्हा मुक्त झाले. मुलीच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, तेव्हा तिने सांगितलेला प्रतिकार खोटा. आणि प्रतिकार नाही तेव्हा संमती, अशी ही साखळी होती. कुलूपबंद ठाण्यात, खाकी गणवेशापुढे एका मजूर मुलीने किती प्रतिकार करावयास हवा होता, हा प्रश्न त्या साखळीत बसत नव्हता.

पुढील वर्षी उपेन्द्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार ह्या चार विधिशिक्षकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. शरणागती आणि संमती एक नव्हेत, हाच त्यातील मुख्य मुद्दा. त्याच्या पाठोपाठ १९८० साली मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ ही संघटना उभी राहिली आणि देशभर निदर्शने झाली. विधी आयोगाचा ८४ वा अहवाल त्याच वर्षीचा. १९८३ च्या दुरुस्तीने पोलीस, तुरुंग, रुग्णालय इत्यादी ठिकाणच्या अत्याचारांत, स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास ती नव्हती असे गृहीत धरण्याचा नियम आणला. हे मोठे पाऊल होते, पण ते चौकीच्या उंबरठ्यापर्यंतचेच होते. पूर्वायुष्याविषयीच्या प्रश्नांना आवर घालण्याची आयोगाची शिफारस संसदेने तेव्हा उचलली नाही, ही बाब इतिहासात पुरेशी अधोरेखित झालेली नाही. परिणामी ओळखीच्या मनुष्याविरुद्ध, मित्राविरुद्ध वा सहकाऱ्याविरुद्ध फिर्याद करणाऱ्या स्त्रीस पुढील दोन दशके जुन्याच उलटतपासणीला तोंड द्यावे लागले.

१५५ व्या कलमातील ते पोटकलम २००२ च्या दुरुस्ती अधिनियमाने वगळले. २०१३ च्या दुरुस्तीने त्याहून सूक्ष्म काम केले. संमतीच्या प्रश्नावर स्त्रीचा ‘कोणत्याही व्यक्तीशी’ आलेला पूर्वीचा शरीरसंबंध असंबद्ध मानावा, असे आता स्पष्ट झाले. ‘कोणत्याही’ ह्या शब्दात आरोपी स्वतःही येतो. कालचा स्नेह आजच्या होकाराचा पुरावा होत नाही. त्याच दुरुस्तीने संमतीची पहिली विधायक व्याख्या दिली : शब्दांनी, हावभावांनी वा अन्य रीतीने विशिष्ट कृतीस दर्शविलेली निःसंदिग्ध, स्वेच्छेची तयारी. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हेही व्याख्येसच जोडले. देसाईगंजच्या निकालानंतर पस्तीस वर्षांनी त्याचे उत्तर कायद्याच्या मजकुरात उतरले.

न्यायालयांच्या विचारात ते सर्वत्र तितक्याच वेगाने उतरले असे नाही. २०१७ साली दिल्ली उच्च न्यायालयाने परस्परपरिचित व्यक्तींच्या एका खटल्यात आरोपीस मुक्त करताना, दुबळा नकार काही वेळा होकारही असू शकतो, अशा आशयाचे विवेचन केले. आरोपीस संशयाचा फायदा मिळावा हे तत्त्व निर्विवाद आहे; आक्षेप आहे तो नकाराची तीव्रता मोजण्यावर. प्रतिकाराची जुनी मोजपट्टी येथे जखमांऐवजी स्वराला लावली गेली, इतकेच. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितांच्या जागी भारतीय न्याय संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. २०१३ ची व्याख्या पहिलीच्या ६३ व्या कलमात आणि पूर्वायुष्याविषयीचा निर्बंध दुसऱ्याच्या ४८ व्या कलमात कायम आहे. त्याच ६३ व्या कलमात पतीसंबंधीचा अपवादही, १८६० पासून चालत आलेला, तसाच उभा आहे.