कुष्ठरोगातील तंत्रिकाहानी व परळ येथील संशोधन

कुष्ठरोगात हातापायांचे स्नायू रोडावतात, बोटे आत वळून आकडतात, पाऊल उचलले जात नाही आणि बधिर भागावर जखमा होतात. रोगाचा जंतू मांस खातो व त्यामुळे बोटे झडतात, हा समज फार जुना असून तो अद्याप पुरता गेलेला नाही. वस्तुतः स्नायूंचा ऱ्हास दुय्यम असतो. मूळ आघात तंत्रिकांवर होतो. ही गोष्ट स्पष्ट करण्यात मुंबईच्या परळ भागातील प्रयोगशाळांचा वाटा मोठा आहे.

मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर एच. ए. ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये माटुंगा-वडाळा भागात निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उघडण्यात आले. १८९८ च्या कायद्याने निर्धन कुष्ठरोग्यांना अशा ठिकाणी डांबून ठेवण्याची मुभा दिली. तो कायदा देशातून २०१६ मध्ये रद्द झाला. त्या काळी विलगीकरण हाच जणू उपचार होता. हात निकामी होण्याचा अर्थ गिरणगावात वेगळा सांगावा लागत नसे. तुटलेला धागा ज्या चिमटीने जोडायचा, ती चिमूट धरण्याची शक्तीच कोपराजवळील तंत्रिका निकामी झाली की जाते.

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) हे परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिविज्ञानाचे प्राध्यापक होते. १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाल्यावर तेथील प्रयोगशाळा त्यांच्याकडे आली. कर्करोगाइतकेच लक्ष त्यांनी कुष्ठरोगाकडे दिले. विद्रूप झालेल्या रुग्णांपेक्षा रोगाची नुकतीच चाहूल लागलेल्या रुग्णांच्या त्वचेचे सूक्ष्म छेद त्यांनी तपासले, आणि यातच त्यांच्या पद्धतीचे मर्म आहे. या अभ्यासाचा वृत्तांत १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. जंतू त्वचेतील तंत्रिकांच्या बारीक अग्रांत शिरतो व तेथून मोठ्या तंत्रिकांकडे सरकत जातो, असे त्यांनी दाखविले. कुष्ठरोग हा केवळ त्वचेचा रोग नव्हे, हे मत त्यामुळे दृढ झाले. जंतूला थंडावा मानवत असल्याने कोपर, मनगट, गुडघा यांजवळून त्वचेलगत जाणाऱ्या तंत्रिका अधिक सापडतात.

खानोलकर, कमल रणदिवे व चिं. वि. बापट यांनी परळच्याच भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात रुग्णाच्या विकृतीतून एक आम्लस्थायी जंतू वेगळा करून वाढविला व १९५८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे त्यापासून लसही तयार झाली. कुष्ठजंतू स्वतः मात्र कृत्रिम माध्यमात आजतागायत वाढलेला नाही.

जंतू तंत्रिकेत पोहोचतो हे कळले, तरी तंत्रिका मरते कशाने हा प्रश्न उरला. बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या ललिता रामकृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये झेब्रामाशांच्या पारदर्शक पिलांवर केलेले प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. जंतूच्या आवरणावरील एका ग्लायकोलिपिडामुळे शरीरातील महाभक्षी कोशिका चेतविल्या जातात व नायट्रिक ऑक्साइड निर्माण करतात. जंतू मारण्याचे हे शस्त्र शेजारच्या अक्षतंतूंतील तंतुकणिकांना म्हणजे मायटोकाँड्रियांना इजा करते. मेरुरज्जूपासून बोटापर्यंतचा अक्षतंतू जवळजवळ एक मीटर लांब असतो. एवढ्या अंतरावर ऊर्जा जागच्या जागी पुरविणाऱ्या तंतुकणिका फुगून निकामी झाल्या, की अक्षतंतू व त्यावरील वसावरण या दोहोंची हानी होते. विध्वंस करणारा हात अशा रीतीने मुख्यतः रुग्णाच्याच शरीराचा ठरतो.

शोथ आणि तंतुकणिका यांचा संबंध एकेरी नाही. तंतुकणिका या प्राचीन जंतूंच्या वंशज असल्याचे मानले जाते व त्यांचे डीएनए जंतूंच्या डीएनएसारखे असते. इजा झालेल्या ऊतकातून ते बाहेर पडले, तर प्रतिक्षम यंत्रणा त्याला जंतूच समजून शोथ वाढविते, हे मोठ्या दुखापतीच्या रुग्णांवरील अभ्यासातून २०१० मध्ये पुढे आले. स्नायूकडे पाहिले तरी तंतुकणिकाच दिसतात. तंत्रिका तुटलेल्या स्नायूतील तंतुकणिका ऑक्सिजनाचे विघातक क्रियाशील रेणू अधिक प्रमाणात सोडतात, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे. हालचालीच्या अभावाने होणाऱ्या ऱ्हासात ही भर पडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये शिफारस केलेल्या बहुऔषधी उपचाराने जंतू मरतात. भारतात डिसेंबर २००५ मध्ये रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा कमी झाले. तथापि मेलेल्या जंतूंचे अवशेषही शोथ उद्दीपित करू शकतात. त्यामुळे उपचार चालू असताना किंवा तो पूर्ण झाल्यावरही एखाद्याचा हात लुळा पडतो, आणि रुग्णाला औषधच बाधले असे वाटते. अशा वेळी प्रेडनिसोलोन देतात; हानी सहा महिन्यांच्या आतली असेल तर शक्ती परत येण्याची शक्यता चांगली असते. त्यापुढे बहुधा शस्त्रक्रियाच उरते. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया यांनी चांगल्या स्नायूची कंडरा निकामी बोटांकडे वळविण्यासारख्या शस्त्रक्रिया कुष्ठरोग्यांवर केल्या. १९७५ मध्ये त्यांनी मुंबईत स्थापन केलेल्या वैद्यकीय संशोधन प्रतिष्ठानात तंत्रिकाहानीचा अभ्यास पुढे चालू राहिला.