उणे अडीचची रेष कुणी ओढली?

आई-मावशीच्या हाडांच्या रिपोर्टवर ‘उणे २.५’च्या आसपासचा आकडा तुम्ही पाहिला असेल. आपल्या छत्रपती संभाजीनगरात कुठे ना कुठे हाडं तपासायचं मोफत शिबिर लागतंच. माझ्या मावशीला अशाच एका शिबिरात टाच तपासून ‘उणे २.७’ लिहिलेली चिठ्ठी मिळाली आणि तिनं घाबरून जिना चढणंच सोडलं. एवढी भीती घालणारा हा आकडा आला कुठून?

१९८०च्या दशकाच्या शेवटी डेक्सा मशीन आलं. दोन वेगवेगळ्या शक्तींचे क्ष-किरण सोडायचे आणि हाडातल्या खनिजानं किती अडवले त्यावरून घनता काढायची. पण चित्र सपाट असतं, हाडाची जाडी त्यात मोजली जात नाही. त्यामुळे लहान चणीच्या बाईचं हाड आहे त्याहून विरळ दिसू शकतं.

१९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानं रेष ओढली. तरुण, निरोगी बायकांच्या सरासरीपेक्षा २.५ प्रमाण विचलन किंवा त्याहून खाली, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. गंमत बघा, ही तुलना गोऱ्या बायकांशी होती! पाळी गेलेल्या गोऱ्या बायकांपैकी साधारण ३० टक्के या रेषेखाली येत होत्या. म्हणजे उणे २.४ला हाड मजबूत आणि उणे २.६ला ठिसूळ, असं काही नसतं. भारतीयांचे स्वतःचे संदर्भ आकडे आयसीएमआरनं दिले ते थेट २०१०मध्ये.

आता यातली सगळ्यात मोठी गोष्ट ऐका. १९९०मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ऑस्टिओपोरोसिस असलेल्या २०२ बायका, चार वर्षं. एका गटाला फ्लोराईड दिलं. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता तब्बल ३५ टक्क्यांनी वाढली. पण मणके मोडायचे फारसे थांबले नाहीत, आणि बाकीची हाडं उलट जास्त मोडली. आकडा सुधारला, हाड नाही.

आपल्या मराठवाड्यात हे विसरून चालणार नाही. नांदेड जिल्ह्यात किनवटकडे पाण्यातल्या फ्लोराईडचा त्रास जुना आहे. तिथे नुसता चांगला स्कोअर बघून निश्चिंत होता येत नाही.

मग तपासणी निरुपयोगी? मुळीच नाही. घनता कमी तर हाड मोडायचा धोका जास्त, हे पक्कं आहे. फक्त रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टी विचारा. मशीन कोणतं? टाचेच्या अल्ट्रासाऊंडला ‘उणे २.५’ची व्याख्या लागू होत नाही. ती खुबा आणि मणक्याच्या डेक्सासारख्या तपासणीसाठी आहे. तुलना कुणाशी केली? आणि वय, आधी मोडलेलं हाड, घरातला इतिहास, स्टिरॉइडच्या गोळ्या, हे डॉक्टरांनी विचारलं का?

आजच आईचा जुना रिपोर्ट काढा आणि पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यावर सापडतात का ते बघा. भेटू पुढच्या भागात!