माग आणि भरपाई : आपद्ग्रस्ताच्या हक्काचा इतिहास

दहशत माजवून निरपराध जनांस वेठीस धरण्याचा प्रकार जुनाच आहे. त्यास मिळालेले पारिभाषिक नाव तेवढे नवे. इतिहासग्रंथांतून आक्रमकांची नावे, फौजांच्या मजला आणि लुटीचे आकडे आढळतात. लुटल्या गेलेल्यांचे पुढे काय झाले, याची नोंद क्वचित सापडते. वस्तुतः एखाद्या राज्यव्यवस्थेची पारख करावयाची, तर हाच प्रश्न प्रथम विचारला पाहिजे : ज्याचा काही अपराध नव्हता, त्याची भरपाई कोणी करावयाची? हिरण्यकेशीच्या काठी वसलेले, शंकराचार्यांच्या पीठामुळे प्रसिद्ध असलेले संकेश्वर आणि त्याचा शेजार यांच्या संदर्भात ह्या प्रश्नाचा थोडा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

पेशवाई बुडाल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी 1819 साली जिंकलेल्या मुलखाविषयी अहवाल लिहिला. त्यात ग्रामरक्षणाच्या एका प्रथेचे वर्णन आहे. चोरी झाली की गावच्या जागल्याने चोराचा माग काढावयाचा. माग शेजारच्या गावच्या शिवेत शिरला, की तो त्या गावच्या स्वाधीन करून आपण मोकळे व्हावयाचे. माग ज्या गावी संपे, त्या गावावर भरपाईचा बोजा पडे. जागल्याच्या ऐपतीबाहेरची रक्कम गावाकडून वसूल होई. ह्या प्रथेत निरपराध गावासही भुर्दंड बसे, हे खरे. तथापि तिच्या मुळाशी असलेले तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. चोर हाती लागला नाही, एवढ्यावरून लुटलेल्याचा दावा बुडत नसे. ज्याच्या हद्दीत माग संपला, त्याने तो दावा पुरा करावयाचा.

परंतु लुटारू फौजेच्या आश्रयाने आला, म्हणजे ही प्रथा पंगू होई. 1791 साली टिपूविरुद्धच्या मोहिमेत पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. माणसे मारली गेली, मठाची संपत्ती गेली आणि स्वामींस कार्कळास जाऊन राहावे लागले. पटवर्धनांची मिरज-कुरुंदवाड ही ठाणी संकेश्वराच्या शेजारचीच. तेव्हा हे प्रकरण आपण परके म्हणून बाजूस सारू शकत नाही. स्वामींनी टिपूस लिहिले आणि टिपूने बिदनूरच्या असफास 200 राहती रोख व इतर साहित्य मठास देण्याचा हुकूम केला. हा पत्रव्यवहार 1916 साली म्हैसूरच्या पुराणवस्तु खात्याचे प्रमुख रा. नरसिंहाचार यांनी प्रकाशात आणला. मुलूख ज्याचा, त्याने आपद्ग्रस्तास हात दिला, एवढे येथे घडले. मात्र त्याच पत्रांतून आपल्या विजयासाठी अनुष्ठाने करण्याची विनंतीही आहे. अर्थात् हे दान राजाच्या मर्जीचे व त्याच्या गरजेचे होते. ज्यांस राजापर्यंत पत्र पोचविता येत नव्हते, अशा रयतेस ते कोठून मिळणार?

इंग्रजी अमलात न्यायदान पद्धतशीर झाले. पण खटला सरकार व आरोपी यांचा झाला आणि पीडित हा केवळ साक्षीदार उरला. 1898 च्या फौजदारी संहितेत दंडाच्या रकमेतून नुकसानभरपाई देण्याची सोय होती. परंतु आरोपीच सापडला नाही, तर दंड कोठला आणि भरपाई कोठली?

युरोपातील राष्ट्रांपुढेही हीच अडचण उभी राहिली. 24 नोव्हेंबर 1983 रोजी युरोप परिषदेच्या राष्ट्रांनी स्ट्रासबर्ग येथे हिंसक गुन्ह्यांच्या बळींविषयीचा करार सिद्ध केला. गुन्हेगारावर खटला चालविता आला नाही, तरी गंभीर जखमींस व मृतांच्या आश्रितांस, अन्यत्र पुरेशी भरपाई न मिळाल्यास, ज्या राष्ट्राच्या भूमीवर गुन्हा घडला त्याने साहाय्य द्यावे, असे त्यात ठरले. पुढे 11 मार्च 2004 रोजी माद्रिदच्या आगगाड्यांत स्फोट होऊन 190 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युरोपीय संघाने निर्देश काढला, की परदेशात गुन्ह्यास बळी पडलेल्या नागरिकास आपल्याच देशात अर्ज देता यावा आणि तेथील अधिकाऱ्यांनी तो संबंधित देशाकडे पाठवावा. माग शिवेपलीकडे सोपविण्याच्या आपल्या जुन्या प्रथेशी ह्याचे साम्य सहज ध्यानात येते. भेद इतकाच, की आता शीव ओलांडून जावयाचा तो चोराचा माग नसून पीडिताचा दावा आहे.

भारतात 2008 च्या दुरुस्तीने फौजदारी संहितेत 357-अ हे कलम आले व 31 डिसेंबर 2009 पासून ते अमलात आले. त्यान्वये राज्यांनी भरपाईच्या योजना आखावयाच्या होत्या. गुन्हेगाराचा शोध लागला नाही, तरी पीडितास अर्ज करण्याची मुभा मिळाली. 1 जुलै 2024 पासून हीच तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 396 व्या कलमात आहे. मालेगावच्या 29 सप्टेंबर 2008 च्या स्फोटात सहा जण मरण पावले. 31 जुलै 2025 रोजी विशेष न्यायालयाने सर्व सात आरोपींस निर्दोष ठरविले. तरीही मृतांच्या कुटुंबांस प्रत्येकी 2 लाख व जखमींस 50 हजार रुपये द्यावेत, असा आदेश दिला. अपराध कोणाचा हे सिद्ध न होताही आपद्ग्रस्ताचे देणे उरते, ही गोष्ट न्यायासनाने मान्य केली. तथापि सतरा वर्षांनंतर हाती येणाऱ्या रकमेस भरपाई हे नाव कितपत शोभते, ह्याचा विचार व्हावयास हवा.

संकेश्वर 1956 मध्ये मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. ते राज्य आज कर्नाटक म्हणून ओळखले जाते. येथील घरांचे सोयरे कोल्हापुरास, मुले पुण्या-मुंबईस, अशी स्थिती. योजना मात्र ज्या त्या राज्याची. अशा सीमाभागात, पीडिताने दारोदार हिंडू नये, त्याचा अर्जच एका कचेरीतून दुसरीकडे जावा, हा युरोपीय निर्देशाचा विचार विशेष उपयुक्त ठरेल. जागल्याने शिवेवर माग सोपविला म्हणजे त्याचे काम संपे. लुटलेल्या माणसाचे गाऱ्हाणे मात्र पुढे चालू राही. ते ऐकण्याची जबाबदारी राजाच्या कृपेवरून कायद्याच्या कलमावर यावयास आपणांस दोन शतके लागली. शाळांतून लढायांच्या सनावळ्या शिकविताना ह्या प्रवासाचीही ओळख विद्यार्थ्यांस करून दिली पाहिजे.