तळटीप १२ : ‘मोकळा वेळ’

१२. मोकळा वेळ : काम प्रत्यक्ष संपते तो क्षण आणि त्याची ठरलेली मुदत यांतले अंतर. प्रोसेसरची गतिमान शक्ती वारंवारितेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून या अवधीत दोन्ही उतरवून काम सावकाश केले, तर ऊर्जा वाचते. मात्र व्होल्टेज घटले की वैश्विक किरणांमुळे उत्पन्न झालेल्या न्यूट्रॉनने एखादा बिट उलटण्याची शक्यता वाढते, आणि चूक सापडली तरी फेरगणनेला वेळ उरत नाही. झू, मेल्हेम व मोसे या संशोधकांनी २००४ साली हा दुहेरी धोका मांडला. उपाय असा : पूर्ण वेगाने फेरगणना करण्याइतका वेळ आधी राखावा, उरलेलाच बचतीला द्यावा. जिथे माणसाचा जीव यंत्राच्या वक्तशीरपणावर अवलंबून असतो, तिथे हा क्रम कधीही उलटवू नये. – संपादक