गणिती महावीराचार्य आणि आपली ग्रंथसंपदा

महावीर हे नाव उच्चारताच आपले हात चोविसाव्या तीर्थंकरांच्या स्मरणाने जोडले जातात. परंतु नवव्या शतकात याच नावाचे एक थोर जैन गणिती होऊन गेले, हे आपल्या समाजातही थोड्यांनाच ठाऊक आहे.

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग (इ. स. ८१४ ते ८७८) यांच्या राजवटीत, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. आपला मराठवाडाही त्याच साम्राज्यात होता. ग्रंथारंभी आचार्यांनी जिनेंद्रांना वंदन केले, सम्राटाची स्तुती केली. स्वतःविषयी मात्र मौन पाळले. त्यांचा ग्रंथ हेच त्यांचे चरित्र होय.

त्या काळी गणित बहुधा ज्योतिषग्रंथातील एखाद्या अध्यायापुरते येई. आचार्यांनी संपूर्ण ग्रंथ गणितालाच वाहिला. अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज, क्षेत्रफळ, छाया असे विषय त्यांनी श्लोकबद्ध केले. मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त व कषाय या सहा रसांच्या संयोगाने किती प्रकार होतील, असा प्रश्न ते विचारतात. एकेक, दोन-दोन असे सहापर्यंत रस घेतल्यास उत्तर येते ६३. अशा निवडींसाठी त्यांनी सर्वसाधारण सूत्रच दिले. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हेही त्यांनी स्पष्ट केले. शून्याने भागले असता संख्या तशीच राहते, हे त्यांचे मत आज ग्राह्य नाही. तथापि त्यामुळे त्यांची थोरवी उणावत नाही.

अकराव्या शतकात पावुलूरी मल्लन यांनी हा ग्रंथ तेलुगूत आणला. १९१२ साली एम. रंगाचार्य यांनी हस्तलिखिते ताडून मद्रास येथून तो इंग्रजी भाषांतरासह प्रकाशित केला. १९६३ साली आपल्या शेजारच्या सोलापूर येथील जैन संस्कृति संरक्षक संघाने प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांचा हिंदी अनुवाद प्रसिद्ध केला.

सुमारे हजार वर्षे हा ग्रंथ तरला, तो पोथ्या नकलून जपणाऱ्या अनामिक हातांमुळे. त्या पोथ्या वाळवीने खाल्ल्या असत्या, तर आचार्यांचे नावही उरले नसते. श्रुतपंचमीला आपण शास्त्रपूजन करतो. या सुवर्णमहोत्सवी वर्षी मंदिरांतील व घरांतील जुनी बासने उघडून पोथ्यांची सूची करावी, त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. आचार्यांना हीच खरी आदरांजली ठरेल.