कुंडलिकेचा फोटो

रोह्याच्या मामेभावाने मागच्या मे महिन्यात घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. कोलाडच्या वरच्या अंगाला कुंडलिका, सकाळचं कोवळं ऊन, दोन्ही काठांना झाडी आणि मधून खळाळत जाणारं हिरवट पाणी. मावशीने लगेच "अगदी स्वित्झर्लंड!" असं लिहून टाकलं (ती स्वित्झर्लंडला गेलेली नाही, पण ते असो). फोटो खरंच सुंदर होता. फक्त एक प्रश्न डोक्यातून जाईना.. भर मे महिन्यात कोकणातल्या नदीला एवढं पाणी कुठून? आमच्या लहानपणी विहिरी तळाला गेलेल्या असायच्या आणि गावोगावचे ओढे नुसते गोटे होऊन पडलेले.

उत्तर मला माहीत होतं. फोटो बघताना मात्र पहिली दोन मिनिटं तेही आठवलं नाही. फोटोची ताकद ही अशी.

या ताकदीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १८६१ साली कार्लटन वॉटकिन्स नावाचा फोटोग्राफर खेचरांवर सामान लादून कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात गेला. अठरा बाय बावीस इंचांच्या काचा घेऊन! तेव्हा फोटो मोठा करता येत नसे, जेवढी काच तेवढाच फोटो. शिवाय काच ओली असतानाच फोटो काढून लगेच धुवायचा, म्हणजे काळोखा तंबूही सोबत हवाच. पुढच्या वर्षी ते फोटो न्यूयॉर्कमध्ये मांडले गेले आणि तिकडची माणसं थक्क झाली. देशात यादवी युद्ध चालू असताना ३० जून १८६४ रोजी लिंकनने त्या खोऱ्याला संरक्षण देणाऱ्या कायद्यावर सही केली. लिंकनने योसेमिटी कधीच पाहिलं नव्हतं. फोटोंमुळेच कायदा झाला असं म्हणणं जरा जास्त होईल, पण न पाहिलेल्या जागेविषयी माणसांना जिव्हाळा वाटायला लावणं हे काम त्या काचांनी केलं. १८७२ मध्ये यलोस्टोनच्या वेळीही विल्यम हेन्री जॅक्सनच्या फोटोंनी तेच केलं.

पण वॉटकिन्सच्या फोटोंत खोरं कसं निर्मनुष्य, जणू कालच देवाने घडवलेलं दिसतं. तिथे माणसं राहत होती. दहाच वर्षांपूर्वी, १८५१ मध्ये, सशस्त्र तुकडीने मूळ रहिवाशांवर चाल करून त्यांची वस्ती उठवली होती. हे काही काचेवर उमटत नाही.

आपल्याकडे कॅमेरा काही उशिरा आला नाही. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. भाऊ दाजींचे भाऊ नारायण दाजी, पेशाने डॉक्टर, तेही त्यात होते. पण त्या काळच्या मुंबईकर फोटोग्राफरांचा ओढा लेणी, इमारती आणि नाना 'जातींची' माणसं टिपण्याकडे. सह्याद्रीचं एखादं खोरं निव्वळ सुंदर आहे म्हणून तिथे कॅमेरा न्यावा, असं फारसं कुणाला वाटलेलं दिसत नाही.

आता कुंडलिकेचं पाणी.

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर, घाटमाथ्यापलीकडे मुळशीला, टाटांच्या कंपनीने धरण बांधायला घेतलं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. पूर्वेला भीमेकडे जाणारं पाणी अडवून पश्चिमेला कड्यावरून खाली कोकणात आणायचं आणि भिऱ्याला त्यावर वीज करायची, अशी योजना. तिच्यात पन्नासच्या वर गावं आणि भाताची उत्तम खाचरं जाणार होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांना 'सेनापती' याच लढ्याने केलं, विनायकराव भुस्कुटेही त्यात होते. पुण्याच्या ज्या सावकारांच्या नावावर जमिनी होत्या, त्यांना नुकसानभरपाई परवडणारी होती. कसणाऱ्या मावळ्यांना नव्हती. तीनेक वर्षांत लढा मोडला. १९२७ मध्ये भिऱ्याला वीज सुरू झाली आणि यंत्रांतून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येऊ लागलं. ते आजही येतं. सकाळी पाणी सुटतं म्हणूनच कोलाडला राफ्टिंग चालतं, आणि माझ्या भावाला मे महिन्यात स्वित्झर्लंड मिळतं.

मुळशीचा लढा सभा, भाषणं आणि वर्तमानपत्रांवर चालला. बुडण्यापूर्वीच्या त्या खोऱ्याचा एकही फोटो मी पाहिलेला नाही. असता तर धरण थांबलं असतं? तसं काही नाही. योसेमिटीच्याच शेजारच्या हेच हेची खोऱ्याचे फोटो होते, छापून लोकांना दाखवलेही होते, तरी १९१३ च्या कायद्याने ते सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यासाठी गेलं. ग्लेन कॅनियनचे एलियट पोर्टरचे रंगीत फोटो तर १९६३ मध्ये पुस्तकात आले, म्हणजे धरणाचे दरवाजे मिटले त्याच वर्षी. पण काय गेलं, हे निदान दाखवता तरी येतं. मुळशीच्या माणसाने नातवाला काय दाखवायचं? तळं?

आणि तळं सुंदर आहे हो! पुण्याहून रोह्याला ताम्हिणीने जाताना आम्ही दर वेळी तिथे थांबतो, फोटो काढतो, भजी खातो. गोपाळ बोध्यांसारख्यांनी आकाशातून महाराष्ट्र टिपला, तेव्हा कुठे आपला मुलूख वरून कसा दिसतो हे आपल्याला कळलं. हल्ली उपग्रहाचा नकाशा उघडला की मुळशीचं पाणी पंजासारखं पसरलेलं दिसतं. प्रत्येक बोट म्हणजे एकेक ओहोळाचं खोरं, आणि अशाच खोऱ्यांमधून ती गावं होती.

भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्याचं उलट झालं. मोबाईलवरच्या फोटोंनी तो एवढा गाजला की लोंढे सुरू झाले, माणसं बुडाली, आणि आता पावसाळ्यात बरेचदा बंदी असते. आमच्या मामाचं मत, "फोटोच काढू नका." मला ते पटत नाही. भावाचा फोटो आला नसता तर मीही हे सगळं पुन्हा उकरून काढलं नसतं.

भावाला फोनवर एवढं सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "दादा, फोटो चांगला आलाय की नाही ते सांग आधी." चांगलाच आलाय, म्हटलं. रात्री पाहिलं तर फोटोखालची ओळ बदलली होती. 'कुंडलिका, कोलाड. पाणी मुळशीचं.'

मावशीने खाली विचारलंय, "म्हणजे काय रे?"