पहिले महायुद्ध : जुन्नर–आंबेगाव परिसर

पहिले महायुद्ध (२८ जुलै १९१४–११ नोव्हेंबर १९१८) यूरोपीय राष्ट्रांच्या परस्परस्पर्धेतून उद्‌भवले. त्याची झळ मात्र रणभूमीपासून हजारो कि.मी. दूर असलेल्या प्रदेशांनाही लागली. पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा जुन्नर तालुका व त्याला लागून असलेले आंबेगाव हा अशांपैकी एक प्रदेश होय. आंबेगाव हा त्या काळी खेड तालुक्याचा पेटा असून त्याचे ठाणे घोडेगावी होते. त्यास स्वतंत्र तालुक्याचा दर्जा पुढे मिळाला. या भागात शत्रूची एकही गोळी पडली नाही. तेथे युद्ध आले ते सैन्यभरती, महागाई आणि अखेरीस १९१८ मधील दुष्काळ व साथ यांच्या रूपाने.

कारणे : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूरोपात दोन सशस्त्र गट तयार झाले. जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात १८७९ मध्ये तह झाला आणि १८८२ मध्ये त्यांना इटली मिळाला. उलटपक्षी फ्रान्स व रशिया यांची युती १८९४ मध्ये पूर्ण झाली. ब्रिटनने १९०४ मध्ये फ्रान्सशी व १९०७ मध्ये रशियाशी समझोता केला. वसाहती व बाजारपेठा यांसाठी चाललेली चढाओढ, ब्रिटन व जर्मनी यांची आरमारी स्पर्धा आणि बाल्कन प्रदेशातील राष्ट्रवादी चळवळी यांमुळे वातावरण स्फोटक झाले होते. ऑस्ट्रियाने १९०८ मध्ये बॉस्निया खालसा केला, तेव्हापासून सर्बियाशी त्याचे वैर विकोपास गेले. २८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, हे युद्धाचे केवळ निमित्त. गटांच्या परस्परबंधनांमुळे सुमारे पाच आठवड्यांत एका प्रादेशिक तंट्याचे यूरोपव्यापी युद्धात रूपांतर झाले. जर्मनीने तटस्थ बेल्जियमवर आक्रमण केल्यावर ४ ऑगस्ट रोजी ब्रिटन युद्धात उतरले आणि त्याबरोबरच, येथील लोकमत न विचारता, हिंदुस्थानही युद्धमान राष्ट्र ठरला.

तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूस मिळाल्यानंतर मेसोपोटेमियाची मोहीम सुरू झाली. महाराष्ट्राच्या दृष्टीने हीच मोहीम सर्वांत महत्त्वाची ठरली, कारण तीत सहावी (पुणे) डिव्हिजन पाठविण्यात आली. मेजर जनरल टाउनझेंड याच्या नेतृत्वाखालील ही सेना ७ डिसेंबर १९१५ पासून कूत-अल्-अमारा येथे वेढ्यात अडकली. तीत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आल्यावर घोड्यांचे मांस खाण्याची वेळ आली. त्यास धर्मगुरूंची संमती मिळविण्यात आली, तरी बऱ्याच हिंदी शिपायांनी दीर्घकाळ नकार दिला. परिणामी त्यांच्यात रक्तपितीसारखे विकार बळावले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० लोकांनी शरणागती पतकरली. पुढे वाळवंटातील पायपीट, उपासमार व रोगराई यांमुळे त्यांपैकी अनेक जण कैदेत मरण पावले. संपूर्ण युद्धात कामी आलेल्या हिंदी सैनिकांची संख्या सुमारे ७४,००० भरते.

मराठा पलटणींसाठी भरती दख्खन व कोकणातील जिल्ह्यांतून होई. दरमहा अकरा रुपयांची शिपायाची नोकरी कोरडवाहू शेतकऱ्याच्या धाकट्या मुलास आकर्षक वाटे. शौर्यपरंपरेचा अभिमान हे भरतीमागील एकमेव कारण मानण्याची प्रथा आहे. ती अपुरी होय. डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाच्या केलेल्या पाहणीत (प्रकाशन १९१७) जमिनीचे तुकडे इतके लहान झालेले आढळले, की अनेक कुटुंबांचा निर्वाह गावाबाहेरील मजुरीवाचून अशक्य होता. जुन्नर–आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात, जेथे महादेव कोळी व अन्य शेतकरी भात, नाचणी व वरई पिकवीत, तेथे परिस्थिती याहून कठीणच होती. लष्कर व मुंबईच्या कापडगिरण्या हे अशा कुटुंबांपुढील दोन मार्ग होते. महार समाजाला लष्कराचे दरवाजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बंद होते. ते खुले व्हावेत, म्हणून पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये सरकारकडे अर्ज केला होता. युद्धाची निकड भासल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारण्यात आली आणि निकड संपताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली.

महागाई : १९२० पर्यंत देशातील किमतींची सर्वसाधारण पातळी युद्धपूर्व पातळीच्या जवळजवळ दुप्पट झाली. जहाजे व आगगाडीचे डबे लष्करी वाहतुकीकडे वळविले गेल्यामुळे मीठ, रॉकेल व कापड यांची टंचाई निर्माण झाली. चांदीच्या तुटवड्यामुळे सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची कागदी नोट काढली. चांदीच्या रुपयाची सवय असलेल्या ग्रामीण बाजारात अशा नोटेविषयी अविश्वास होता. धान्याचे भाव वाढल्याने शेतकऱ्याचा फायदा झाला, असे सरसकट म्हटले जाते. कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या काठच्या काळ्या जमिनीच्या मालकांबाबत ते काही अंशी खरे असेल. परंतु ज्याचे धान्य उन्हाळ्यापूर्वीच संपे व जो पुढील पिकापर्यंत सावकाराकडून किंवा बाजारातून धान्य घेई, त्याला हीच भाववाढ मारक ठरली. सावकारी कर्जाचा प्रश्न या जिल्ह्यात जुनाच होता; १८७५ चे दख्खनचे दंगे त्यातूनच उद्‌भवले होते.

दुष्काळ व साथ : १९१८ मध्ये पावसाने देशभर दगा दिला आणि दख्खनमध्ये तो लवकर संपला. खरिपाचे पीक बुडाले व जमिनीत ओल न राहिल्यामुळे रब्बीची पेरणीही खुंटली. याच वर्षी जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्ल्यूएंझाचा शिरकाव झाला. तेथे सैनिकांची व जहाजांची ये-जा अखंड चालू होती. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर–ऑक्टोबरमधील दुसरी लाट प्राणघातक ठरली. मुंबई शहरात ६ ऑक्टोबर या एका दिवशी ७६८ मृत्यू नोंदले गेले. गिरणीकामगार गावी परतू लागले. जुन्नर–आंबेगावला रेल्वे नव्हती. पण नाणेघाट, आहुपे घाट यांसारख्या जुन्या वाटांनी कोकणात उतरून मुंबई गाठण्याचा प्रघात होता. ज्या वाटांनी गिरणीतील मजुरी गावात येई, त्याच वाटांनी येण्यास साथीलाही अटकाव नव्हता.

साथीचा भर नेमका बाजरीच्या काढणीच्या सुमारास आला. उभे होते तेवढे पीकही कापण्यास माणसे उरली नाहीत. इतर साथींत लहान मुले व वृद्ध अधिक दगावतात. या साथीने वीस ते चाळीस वर्षे वयाच्या कर्त्या स्त्रीपुरुषांना गाठले, आणि त्यांतही स्त्रियांचे मृत्यू अधिक झाले. आजाऱ्यांची शुश्रूषा व घरकाम त्यांच्यावरच पडत असल्याने त्यांना विश्रांती मिळणे शक्य नव्हते. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले, म्हणजे सर्व हिंदी सैन्याच्या युद्धातील प्राणहानीच्या कितीतरी पट. १९२१ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. तगाई, स्वस्त धान्याची दुकाने व दुष्काळी कामे हे उपाय सरकारने योजले, पण अनेक सरकारी डॉक्टर लष्करी सेवेत गेल्यामुळे ग्रामीण भागात वैद्यकीय मदत नाममात्रच होती.

युद्धोत्तर राजकीय सुधारणांचा लाभही मर्यादितच होता. १९१९ च्या कायद्याने इलाख्याच्या कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या गेल्या. ग्रामीण भागात साधारणतः बत्तीस रुपये शेतसारा भरणारास मताधिकार मिळाला. त्याखेरीज निवृत्तिवेतनधारक सैनिकही मतदार झाले. त्यामुळे लहान खातेदार बहुधा वगळला गेला, तर त्याच्या वस्तीतील निवृत्त शिपाई मतदानास पात्र ठरला. नोव्हेंबर १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पुण्यात शिवस्मारकाची व मराठा युद्धस्मारकाची कोनशिला बसविण्यात आली. शिवनेरीच्या पायथ्याच्या प्रदेशाला यांतील पहिल्या स्मारकाचे अप्रूप असणे स्वाभाविक होते. तथापि असहकारितेच्या चळवळीमुळे या भेटीवर देशात बहिष्कार पुकारला गेला होता.

मुंबईच्या गिरण्यांना युद्धकाळात लँकाशरचे कापड कमी आल्याने भरभराट लाभली होती, परंतु मजुरी महागाईच्या मागेच राहिली. जानेवारी १९१९ मध्ये एक लाखाहून अधिक कामगारांनी संप केला. पुढे परदेशी कापडाची आयात पुन्हा वाढू लागली व त्यावरील बहिष्कार हे राष्ट्रीय चळवळीचे प्रमुख साधन बनले. आंबेगावातील म्हाळुंगे पडवळ येथील गरीब शेतकरी कुटुंबात १९०८ मध्ये जन्मलेले व मुंबईत गिरणीकामगार झालेले बाबू गेनू सैद हे १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात विदेशी कापडाची मोटारलॉरी अडविताना तिच्याखाली सापडून हुतात्मा झाले.